उजव्या पायातली ढोलकी

ही २०१८ सालची गोष्ट. त्या वर्षी गणपती सप्टेंबरच्या तेरा तारखेला बसले होते आणि बेंगळुरूतल्या आमच्या येलहंक्याच्या मराठी मंडळाला चाळीस वर्षं पूर्ण होत होती. तारीख इतकी पक्की आठवते, कारण त्यानंतरच्या रविवारी, सोळा तारखेला, नंदूभावजींनी शेवटचं वाजवलं. आणि ते मी त्यांना वाजवायला लावलं.

नंदूभावजी आणि माझे यजमान श्रीकांत एकाच सरकारी कारखान्यात होते. श्रीकांत डिझाइनमध्ये, भावजी टूलरूममध्ये. डिझाइनवाल्यांनी कागदावर काढायचं आणि टूलरूमवाल्यांनी ‘हे असं होत नाही साहेब’ म्हणून परत पाठवायचं, या भांडणातून त्यांची मैत्री झाली. (घरात मी यजमानांना ‘अहो’ म्हणत असे. इथे नाव लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याला कळायचं नाही.) तिसरा नरसिंह. त्याचं घराणं चार पिढ्यांपासून बेंगळुरूचं. मराठी बोलायचा, पण वाक्य मराठीत सुरू करून कन्नडमध्ये उतरवायचा. मी त्याची अक्का. या तिघांत चौथी मी, कारण मला गाता यायचं आणि झांज वाजवता यायची.

कारखान्याच्या क्वार्टर्समधल्या पहिल्या गणपतीला, अठ्ठ्याहत्तर साली, आम्ही चौघांनी सायकल स्टँडच्या शेडमध्ये कार्यक्रम केला. नंदूभावजी मँडोलिनवर, नरसिंह माउथ ऑर्गनवर, श्रीकांत ढोलकीवर. पुढे तीसेक वर्षं आम्ही दर गणपतीत वाजवलं. शेवटचं गाणं नेहमी आमचं स्वतःचं असे. चाल नंदूभावजींची, शब्द माझे. शब्दांत काही विशेष नव्हतं. चाल मात्र चांगली होती.

आम्ही काही मोठे कलाकार नव्हतो, आणि प्रत्येकाची एक खोड होती. नरसिंहाला दमा. दुसऱ्या कडव्यातली लांब ओळ आली की तो मध्येच एक सूर सोडायचा, श्वास घ्यायचा, आणि पुढच्या सुरावर येऊन मिळायचा. मी डोळे मोठे केले की म्हणायचा, “अक्का, स्वल्प दम घेऊ द्या ना. सूर कुठे पळून जातोय?”

श्रीकांतची खोड तिसऱ्या कडव्याची. कारखान्यात मायक्रॉनवरून लोकांना रागावणारा हा माणूस, पण शेवटचं कडवं आलं की त्यांची ढोलकी पुढे धावायची. थोडीच, पण धावायचीच. गाणं चांगलं जमलंय याचा त्यांना आनंद व्हायचा आणि आनंद झाला की ते घाई करायचे. जेवताना आवडीचं काही ताटात पडलं तरी तसंच. मग आम्ही तिघं त्यांच्या मागे धापा टाकत शेवटाला पोहोचायचो.

“श्री, तुझी बस चुकतेय का रे?” नंदूभावजी विचारायचे.

“तुम्हीच रेंगाळता,” हे म्हणायचे. “म्हातारे झालात.”

तेव्हा सगळे पस्तिशीचे होते.

नरसिंह दोन हजार बारात गेला. श्रीकांत पंधरात गेले, जुलैमध्ये, सकाळी दाढी करताना. त्यांच्या वाजवण्याची एक कॅसेट घरात होती. दिवस झाल्यावर मी ती शोधून काढली आणि लावली, तर तिच्यातून माझा मुलगा मकरंद आवर्तसारणी पाठ म्हणत होता. बारावीत असताना पाठांतरासाठी त्याने तिच्यावर स्वतःचा आवाज भरून ठेवला होता. तो बिचारा फोनवर रडला. मी त्याला म्हटलं, जाऊ दे. पण ते जात नव्हतं. मला त्यांचा चेहरा आठवे, बोलणं आठवे, ढोलकी कानात येईना. ती घाई नेमकी किती असे? पाव मात्रा की अर्धी? टेबलावर बोटांनी वाजवून बघायचे, तर ते माझं वाजवणं वाटायचं.

ढोलकी आणि माझी झांज मी नंदूभावजींना देऊन टाकली. त्यांनी नको नको म्हणत घेतली आणि वर्षभर त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

दोन हजार सोळाच्या गणपतीत ते स्टेजवर आले ते एक लटांबर घेऊन. निवृत्तीनंतर ते पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका ओळखीच्या माणसाच्या वर्कशॉपमध्ये जात. तिथे लेथवर बसून त्यांनी ते केलं होतं. एक लोखंडी खुर्ची, तिच्यासमोर चौकटीत आडवी बसवलेली श्रीकांतची ढोलकी. खाली उजव्या पायाला शिवणयंत्रासारखं पॅडल. टाच दाबली की सायकलच्या ब्रेकची वायर ओढली जाऊन चामडं गुंडाळलेला एक दांडा ढोलकीच्या धुमावर, जाड आवाजाच्या बाजूवर पडे, आणि चवडा दाबला की दुसरा छोटा दांडा चाटीवर, बारीक आवाजाच्या बाजूवर. डाव्या पायाला माझी झांज. गळ्यात हँगरच्या तारेचा फास, त्यात माउथ ऑर्गन. हातात त्यांची मँडोलिन. पाठीला पट्टे, कमरेला पट्टे. लोक हसायला लागले. मीही हसले.

“भावजी, मी अजून जिवंत आहे,” मी पहिल्या रांगेतून म्हटलं. “माझी झांज तुमच्या डाव्या पायात कशाला?”

“वहिनी, तो तुमच्यापेक्षा वेळेवर येतो,” ते स्टेजवरून म्हणाले. सगळा हॉल हसला.

श्रीकांत गेल्यापासून मी स्टेजवर पाऊल ठेवलं नव्हतं, त्यामुळे बोलायला मला तोंड नव्हतं. भावजींनी दोन सोपी गाणी वाजवली आणि शेवटी आमचं घेतलं. दुसऱ्या कडव्यात लांब ओळ आली आणि माउथ ऑर्गनचा एक सूर गायब झाला. मला वाटलं, चुकले. पण ते पुढच्या सुरावर अगदी तसेच येऊन मिळाले आणि माझ्या लक्षात आलं की दम्याची जागा त्यांनी जशीच्या तशी ठेवली आहे. मग तिसरं कडवं आलं. उजवा पाय पुढे धावायला लागला. किती, ते मला तत्काळ आठवलं. पाव मात्रेपेक्षा थोडं कमी. मी पदर तोंडावर घेतला. शेजारच्या बाई म्हणाल्या, “काका दमले वाटतं, ताल सुटतोय.”

नंतर मी भावजींना काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. सतरा सालीही तेच. वर्षातून एकदा, दीड मिनिट. माझं वर्ष त्या दीड मिनिटाकडे तोंड करून असायचं, असं म्हटलं तरी चालेल.

अठरा साली मंडळाची सेक्रेटरी केतकी होती. पुण्याहून आलेली, आयटीतली, कामाला वाघीण. मला काकू म्हणावं की आजी हे तिचं शेवटपर्यंत ठरलं नाही, दोन्ही म्हणायची. ऑगस्टच्या अखेरीस तिचा फोन आला.

“काकू, ॲक्च्युअली एक छोटा इश्यू आहे. नंदूकाकांचा गुडघा. सिद्धी म्हणतेय, त्यांनी परफॉर्म करूच नये. आणि चाळिसाव्या वर्षी ते नाहीत म्हणजे कसं वाटेल? मी एक सोल्यूशन काढलंय. आजी, तुम्ही फक्त या. तुमचं ते ऐकतात.”

सिद्धी ही नंदूभावजींची मुलगी. हेब्बाळला एका कंपनीत कामाला होती. आई लवकर गेल्यामुळे बापाचं सगळं तीच बघायची. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा भावजी लटांबरात बसले होते, उजव्या गुडघ्याला पट्टा, आणि सिद्धी एक छोटी डबी वायरीने स्पीकरला जोडत होती.

“काकू, ही लूपर,” केतकीने मला समजावलं. “काका एकदाच ढोलकी वाजवणार, हाताने. आठ मात्रा. ही डबी त्या रेकॉर्ड करणार आणि मग तेच तेच वाजवत राहणार. पायाला काही कामच नाही. आजकाल सोलो आर्टिस्ट सगळे असंच करतात. एकटा माणूस, पण वाटतं पूर्ण बँड आहे.”

“एकटा माणूस आणि पूर्ण बँड तर हे आधीपासूनच आहेत,” मी म्हटलं.

“हो, पण गुडघ्याशिवाय,” सिद्धी म्हणाली.

भावजींनी आठ मात्रा वाजवल्या. डबीने त्या उचलल्या. आणि खरंच, ढोलकी आपली आपण सुरू झाली, स्वच्छ, गोल. भावजी खूश झाले. “हा गडी दमत नाही, चहा मागत नाही, वाद घालत नाही. श्रीपेक्षा बराय की!” त्यांनी त्याच्यावर पूर्ण गाणं वाजवलं. नरसिंहाचा श्वास त्याच्या जागी आला. तिसरं कडवं आलं. ढोलकी तशीच चालत राहिली. मी हातात कॉफीचा पेला घेऊन वाट बघत होते. ढोलकी सरळ रस्त्याने शेवटाला पोहोचली.

“परफेक्ट!” केतकी म्हणाली.

सिद्धी तिला खाली गाडीपर्यंत सोडायला गेली. आम्ही दोघंच उरलो.

“कसं वाटलं, वहिनी?”

“स्वच्छ.”

“म्हणजे?”

“म्हणजे स्वच्छ. दवाखान्यासारखं.”

ते हसले. मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, “फार दुखतो हो. चार ऑक्टोबरला ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, तोवर जिनासुद्धा चढायचा नाही. ते पॅडल तर मीच करून ठेवलेलं, स्प्रिंग कडक आहे. पण तुम्हाला विचारतो. तुम्ही म्हणाल तसं करू.”

इथे मी ‘डबीवर वाजवा’ म्हणायला हवं होतं. कोणीही म्हटलं असतं. मी म्हटलं, “फक्त तिसरं कडवं पायाने वाजवाल?”

“तसं होत नाही. ती डबी एकदा सुरू झाली की कुणासाठी थांबत नाही. मध्ये पाय घातला तर दोन ढोलक्या होतील. एक तर ती, नाहीतर मी.”

“मग तुम्ही.”

भावजींनी वर पाहिलं. मला वाटलं, रागावतील. रागावले असते तर मी माघार घेतली असती.

“ऑपरेशननंतर डॉक्टर पॅडलला पाय लावू देणार नाहीत,” ते म्हणाले. “म्हणजे हे शेवटचं.”

“म्हणूनच,” मी म्हटलं.

“सरी, वाजवतो. सिद्धीला सांगू नका.”

जिन्यावर सिद्धी भेटली. “थँक्यू काकू,” ती म्हणाली. “तुम्ही होतात म्हणून बाबा तयार झाले.” मी मान हलवली आणि खाली उतरले.

सोळा तारखेला कार्यक्रम संध्याकाळी पाचला होता, बसस्टँडजवळच्या कल्याण मंटपात, म्हणजे मंगल कार्यालयात. चारशे माणसं. त्यातली निम्मी नवी, पुण्यामुंबईची, नागपूरची, लहान मुलांना घेऊन आलेली. भावजींना दोघांनी धरून खुर्चीत बसवलं, पट्टे बांधले. डबी शेजारच्या स्टुलावर ठेवली होती. सिद्धी माझ्या शेजारी बसली होती. मुद्दाम माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती तिने.

पहिली दोन गाणी त्यांनी डबीवरच वाजवली. ही त्यांची हुशारी. मला क्षणभर वाटलं, त्यांनी विचार बदलला. आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं नाही, मला राग आला.

मग त्यांनी मान वाकवून डबीचं बटण बंद केलं, पाय उचलून पॅडलवर ठेवला आणि आमचं गाणं सुरू केलं.

पहिलं कडवं अर्धं झालं तेव्हा सिद्धी पुढे झुकली. “काकू, तो आवाज डबीचा नाहीये.”

“हं.”

“बाबा पाय वापरतायत.”

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. “तुम्हाला माहीत होतं?”

मी समोर बघत राहिले. सिद्धी उठली, पण रांगेतून बाहेर पडायला बारा माणसांचे गुडघे ओलांडायचे होते आणि लोक ‘बसा, बसा’ म्हणायला लागले.

दुसऱ्या कडव्यात नरसिंहाचा श्वास आला. भावजींच्या चेहऱ्यावर घाम होता, पण लोकांना वाटलं असेल, गरम होतंय. तिसरं कडवं सुरू झालं आणि ढोलकी पुढे निघाली. पाव मात्रेपेक्षा थोडी कमी, मग पाव, मग त्याहूनही जास्त. बस चुकेल इतकी. मँडोलिन तिच्या मागे, माउथ ऑर्गन मँडोलिनच्या मागे, आणि माझी झांज सगळ्यांच्या मागे धापा टाकत. मला सायकल स्टँडची शेड दिसली नाही, श्रीकांतचा चेहरा दिसला नाही. काहीच दिसलं नाही. फक्त ते शेजारी बसलेत आणि खुशीत आहेत, एवढं कळत होतं. मी डोळे मिटून घेतले. ओठांनी शब्द म्हणत होते बहुतेक.

शेवटच्या दोन ओळी उरल्या असताना ढोलकी थांबली. झांजही थांबली. मँडोलिन आणि माउथ ऑर्गन दोघेच पुढे गेले, हळू झाले, आणि गाणं संपलं. लोकांना वाटलं, रचनाच तशी आहे. उभं राहून टाळ्या वाजवल्या त्यांनी. केतकी विंगेत दोन्ही हात वर करून नाचत होती.

सिद्धी स्टेजवर पोहोचली होती. ती पट्टे सोडवत होती. मी गेले. गळ्यातली तार मी काढली. भावजींचा उजवा पाय पॅडलवरून उचलता येत नव्हता.

“मिळाला का?” त्यांनी मला हळूच विचारलं.

“काय?”

“श्री.”

“मिळाला.”

“मग झालं,” ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

गुडघ्यातलं जे काही आधीच झिजलं होतं, ते त्या संध्याकाळी पूर्ण फाटलं. ऑपरेशन चार ऑक्टोबरपर्यंत थांबवता आलं नाही, सूज असतानाच करावं लागलं. दोन दिवसांनी मी हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा सिद्धी व्हरांड्यात उभी होती.

“आत जाऊ नका, झोपलेत.”

“सिद्धी, माझं चुकलं गं.”

“काकू, एक सांगू?” तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “वर्षभर मी बघतेय. गुडघा दुखायला लागला की बाबांचा पाय भरभर पडतो. जिना उतरतानासुद्धा. लवकर संपवावं म्हणून माणूस करतो ना, तसं. तुम्ही ज्याला श्रीकांतकाका म्हणून ऐकत होतात ना, ते बाबांचं दुखणं होतं.”

मी रिक्षा करून घरी आले. चालक काहीतरी विचारत होता, मला कन्नडच कळेनासं झालं.

भावजी घरी आल्यावर तीन आठवड्यांनी मी त्यांना भेटले. सिद्धी ऑफिसला गेली असेल अशी वेळ बघून गेले, हेही लिहून टाकते. त्यांना स्पष्टच विचारलं.

“सिद्धी म्हणते, ती घाई दुखण्याची होती. खरं का?”

ते वॉकरच्या रबरी मुठीशी खेळायला लागले.

“सोळा साली मुद्दाम केली,” ते म्हणाले. “दोन महिने प्रॅक्टिस केली होती. तीस वर्षं ज्याला नावं ठेवली, ते स्वतः करायला गेलो तर जमेना. श्रीला ते आपसूक यायचं. मला मोजून करावं लागे. सतरा साली गुडघा दुखायला लागला, आणि बघतो तर पाय आपणच धावतोय. अगदी तसाच. मोजायला नको. मी म्हटलं, चला, सोय झाली.”

“आणि ह्या वर्षी?”

“ह्या वर्षी काय होतं, मला नाही सांगता यायचं. तुम्हीच तर म्हणालात, मिळाला.”

“म्हणाले.”

“मग आता परत घेऊ नका,” भावजी म्हणाले. “एवढं करून वाजवलंय.”

त्यांनी मला चहा करायला लावला. साखर जास्त झाली म्हणून तक्रारही केली.

नंदूभावजींचा गुडघा पुढे अर्धाच वाकायचा. काठी घेऊन ते पार्कपर्यंत जात, खुर्चीत बसून मँडोलिन वाजवत, पण स्टेजवर पुन्हा गेले नाहीत. दोन हजार बावीसच्या फेब्रुवारीत, सत्त्याहत्तराव्या वर्षी, हृदयविकाराने गेले. लटांबर सिद्धीने सुटं केलं. लोखंड पीण्यातल्या त्या वर्कशॉपला परत दिलं, ढोलकी आणि झांज माझ्याकडे पाठवली, एका माणसाच्या हाती, चिठ्ठीशिवाय. सिद्धी आता पुण्यात असते. दिवाळीला तिचा मेसेज येतो. ‘काकू, शुभ दीपावली’, एवढाच. मी उत्तर देते. केतकी चार वर्षांपूर्वी मुंबईला बदलून गेली. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून आहे आणि दर गणपतीत त्या संध्याकाळचा फोटो टाकते, ‘बेस्ट परफॉर्मन्स एव्हर’ म्हणून. तिला कोणी काही सांगितलेलं नाही. तो कार्यक्रम कोणीतरी मोबाइलवर घेतला होता असं म्हणतात, पण शेवटच्या गाण्याआधी फोनची बॅटरी संपली होती.

मी येलहंक्याचं घर सोडलं. मकरंदकडे हेब्बाळला असते, अकराव्या मजल्यावर. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, ऐकू थोडं कमी येतं. लिफ्ट बंद असली की जिन्याने उतरते आणि चढतेही. माझे गुडघे अजून चांगले आहेत.